फाट्यापर्यंत पायी

आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले, अक्षरओळख व्हायच्या आधी मी पत्रकांच्या घड्या घालायला शिकलो. लोकांना विचारल्याशिवाय लोकांचं काही ठरवू नये, हे त्या कागदांतून अंगात भिनलेलं. म्हणून सर्वेक्षणाचं काम मिळालं तेव्हा मला ते आपलंच काम वाटलं.

गावात येणारी बस बंद करायचं घाटत होतं; प्रश्न असा होता, की ती कुणाच्या किती उपयोगाची. शेजारची वहिनी रोज त्याच बसने चिखलीला नर्सिंग शिकायला जायची. पण चढायची फाट्यावर. बस गावात थांबते ती पारासमोर, आणि पारावर तिचे सासरे बसलेले असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत आमच्याकडच्या सुना बसमध्ये चढत नाहीत. दोन किलोमीटर चालायचं, मग तीच बस पकडायची.

मी तिच्या घरच्या ओसरीवर बसून विचारलं, गावातून कशा निघता? सासरे समोर होते. ती दाराआडून म्हणाली, "पायी." टॅबवर बस, जीप, पायी एवढेच पर्याय. मी 'पायी' दाबलं. बहुतेक सुनांचं उत्तर तेच आलं.

कारण कुठे लिहू, असं मी सर्वेक्षणाच्या साहेबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, माणूस जे निवडतो तेच त्याला हवं असतं, असं धरूनच फायद्याचं गणित मांडतात. दारात बस असून बाई चालते, म्हणजे बस गेली तरी तिचं काही जात नाही. मी तावातावाने भांडलो. त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन मी ती उत्तरं तशीच पाठवली.

अहवालात स्त्रियांचं नुकसान शून्य आलं. बस बंद झाली. जीपमध्ये परक्या माणसांना खेटून सून जाणार नाही, हे सासऱ्यांनी सांगून टाकलं. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, ते अर्धवट राहिलं.

महिन्याने ती नळावर भेटली. भरलेला हंडा तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, मी पायी जातो म्हटलं होतं. बस नोको, असं कवा म्हटलं?"

त्या दिवशी मी पत्रक लिहायला बसलो. खरं कारण लिहायचं तर सासऱ्यांबद्दल लिहावं लागतं. नाव टाळलं तरी गाव ओळखेल, आणि मग तिचं नळावर येणंही बंद होईल.

कागद अजून कोराच आहे.