सगुणच्या पेटीने दिलेला कौल

"तोंड काळा केलंस रे तू तिचा! देवीच्या जागी धोंडो बसवलंस!"

"धोंडोच देव, रामचंद्रबाब. वरली साडी आमची."

धारगळच्या वाचनालयाच्या मागच्या पडवीत गंगाकाकी चहाचे कप विसळत होती, तेव्हा हे भांडण तिच्या कानावर पडलं. कान देऊन ऐकायची गरजच नव्हती. रामचंद्रबाब वाचनालयाचे अध्यक्ष. भाषेच्या वादात मराठीच्या मोर्च्यापुढे घोषणा देऊन देऊन त्यांचा गळा असा तयार झाला होता, की त्यांनी घरात मीठ मागितलं तर हमरस्त्यावरचा ट्रकवाला वळून बघायचा. समोर होता सगुण परब, वाचनालयाच्या कॉम्प्युटरच्या खोलीचा माणूस. त्याचा आवाज मुळातच बारीक, आणि भांडताना तर आणखी खाली जायचा. त्यामुळे रामचंद्रबाबांना भांडायला मजाच यायची नाही.

भांडण होतं चित्रांवरून. त्या खोलीत गावच्या पोरांसाठी चार लहान कॉम्प्युटर होते आणि मेजाखाली एक मोठी पेटी. तिला सगुण सर्वर म्हणायचा. चारही जण तिच्याच जिवावर चालत. टेलिफोनच्या तारेतून जे काही जगातून यायचं ते आधी पेटीत, मग ह्या चौघांत. पेटीचा स्वतःचा पडदा मेजावर होता, त्यावर निळं आभाळ, हिरवे डोंगर आणि रांगेत मांडलेली लहान लहान चित्रं. चित्राला बाण लावून टिचकी मारली की काम होई. त्या दिवशी सगुणने काहीतरी टाइप केलं, आणि आभाळ, डोंगर, सगळं पुसून गेलं. उरला काळाभोर पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

"पेटी जुनी आसा," सगुण सांगत होता. "तिचो अर्धो जीव चित्रां रंगवण्यात जाता. चित्रां काढून टाकली की ती मोकळी. मग माका काय व्हया तां मी लिहून सांगतंय, ती लिहून जबाब देता."

"आणि मागच्या फावटी काळी केलंस ती परत आली? म्हापश्याहून माणूस आणूचो लागलो! तोपर्यंत गाव माका विचारता, अध्यक्षांनू, कॉम्प्युटर मेलो की काय? ता काय नाय. चित्रां बंद करूची नाय. सांगून ठेवतंय."

"बरा," सगुण म्हणाला. आणि पुन्हा निळं आभाळ आणलं.

गंगाकाकीला त्या वेळी रामचंद्रबाबांचंच पटलं होतं. काळ्या पडद्याला हळदीकुंकू तरी कुठे लावायचं?

सगुण मूळचा टायपिस्ट. गोवा राज्य झालं त्या वर्षी तो डिचोलीला एका खाणीच्या कचेरीत होता, सदऱ्याची कॉलर कायम तांबडी. जनेलातून येणारी धूळ यंत्रात जाऊ नये म्हणून तो टाइप करताना अंगाने आडोसा करून बसायचा, आणि ती वाकून बसायची सवय मग जन्मभर राहिली. कॉम्प्युटर आले तेव्हा टायपिस्ट घरी गेले. सगुण राहिला, कारण यंत्रं बसवायला आलेल्या माणसाला तो जेवायलाही सोडीना. हे कशाला, ते कुठे जातं, असं विचारून त्याने त्या बिचाऱ्याचा जीव खाल्ला. पुढे कचेरीने नवी यंत्रं घेतली तेव्हा जुनी पेटी सगुणने मागून घेतली आणि ट्रकात, भाताच्या पेंढ्यावर ठेवून, लेकुरवाळी माहेरी आणावी तशी धारगळला आणली. लग्न त्याने केलं नाही. "वेळ खंय आसा?" म्हणायचा. नसेलही.

गंगाकाकी खोली झाडायची आणि चहा करायची. खंडेनवमीला रामचंद्रबाबांनी पडद्याला झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला, आरती केली. दुसऱ्या दिवशी झाडताना तिचा केरसुणीचा दांडा मेजाखालच्या पेटीवर आपटला, तसा सगुण कदेलावरून अर्धा उठला.

"काकी, हळू गो! यंत्र तां खाली. वर आसा तां नुसता तोंड."

"अगो बाय! आणि आम्ही माळ तोंडाक घातली?"

"घातलात."

"आणि हेच्याजवळ कोणाच्या रे वाहाणो?"

"रामचंद्रबाबांच्यो," सगुण म्हणाला आणि पुन्हा वाकून टाइप करू लागला.

तेव्हापासून ती पेटीभोवतालचा केर हाताने काढायची आणि कोणी बघत नाही असं पाहून नमस्कार करायची. आत गुणगुण चाललेली असे, जात्यावर बसलेल्या बाईने ओवी नुसती नाकातल्या नाकात म्हणावी तशी. बंद पेटीत एवढं जग मावतं तरी कसं, हे तिला कधी उमगलं नाही, आणि उमगत नव्हतं म्हणून कंटाळाही आला नाही.

मग इराकवर लढाई सुरू झाली.

गंगाकाकीचा गौरेश कुवेतात होता, एका कंपनीच्या गोदामात. धारगळ-इब्रामपूरची आणखीही पोरं त्याच कंपनीत. टीव्हीवर भोंगे वाजताना, आणि तोंडाला पिशव्यांसारखं काहीतरी बांधून माणसं धावताना दिसली, ती कुवेतचीच असं बातमी देणारा म्हणाला. फोन लावावा तर लागेना. लागला तर पलीकडे एक बाई इंग्रजीत तेच तेच बोलायची. गंगाकाकी रात्रभर फोनपाशीच बसली. सकाळी ती नेहमीसारखी वाचनालयात आली, झाडलं, चहा ठेवला आणि पूड घालायची विसरली. सगुणने ते गरम पाणी गुपचूप पिऊन कप खाली ठेवला.

"काकी, गौरेशाच्या गोदामात कॉम्प्युटर आसा. तो हयसर असताना मी त्येका एक वाट शिकवलेलंय. लिहून बोलूची. फोन नाय लागलो तरी ती वाट उघडी आसूक शकता."

"मग बोल रे बाबा! रवलंस कित्याक?"

त्याने चित्रावर टिचकी मारली. पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होऊ लागलं. होतच राहिलं. सगुण कुवेतशी बोलणार ही बातमी फुटली तसे लोक जमले, रामचंद्रबाबही आले. इब्रामपूरची पद्मावती, जिचा जावई तिकडे, कमरेचा विळा न काढताच आली. पोदेर पावांची पाटी सायकलवर तशीच ठेवून जनेलाशी उभा राहिला. घड्याळ फिरतच होतं. मेजाखालची पेटी घरघरायला लागली, दमेकऱ्यासारखी. एकदा जोडणी झाली, पडद्यावर चौकोन उघडला, अर्धाच रंगला, आणि सगळं थिजलं.

"मेली?" पद्मावतीने विचारलं.

"मरूक नाय. दमली." सगुण उठून रामचंद्रबाबांसमोर उभा राहिला. "चित्रां काढून टाकूची लागतली. काढलंय तर बोलणा होतला. पण परत येतली की नाय, माका सांगूक जमणा नाय. आणि मागच्यासारखी आतच अडकली, तर ह्या बोलणाही गेला."

रामचंद्रबाबांनी टोपी काढून डोकं पुसलं. हुकूम त्यांचा होता. नाही म्हणावं तर समोर गंगाकाकी, भिंतीला टेकून, पदराचं टोक दातात. हो म्हणावं आणि पेटी बसली तर तेवढीच एक वाट होती, तीही त्यांनीच बंद केलेली. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. शेवटी म्हणाले, "प्रसाद लावया."

देवळात करतात तसंच. देवाच्या अंगाला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार. पद्मावतीने वाचनालयाच्या परसातलं जास्वंद आणलं. रामचंद्रबाबांनी पाकळ्या तांब्यात बुडवून पडद्याच्या काचेवर लावल्या आणि हात जोडले. पाकळ्या पडेनात. काचेला अशा घट्ट बसल्या की जणू छापल्याच आहेत.

"देव गप्प आसा," पोदेर जनेलातून म्हणाला.

गंगाकाकीने दातातला पदर सोडला. "देव गप्प नाय. तुम्ही तोंडाक विचारतास. बसता तो खाली."

रामचंद्रबाबांनी सगुणकडे बघितलं. सगुणने मान हलवली. मग धारगळच्या वाचनालयाचे अध्यक्ष धोतर सावरून मेजाखाली गेले, तिथल्या आपल्याच वाहाणा बाजूला सारल्या आणि पेटीच्या अंगाला पाकळ्या लावल्या. जमिनीवर बसूनच त्यांनी गाऱ्हाणं घातलं, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांचा आवाज खोलीबाहेर गेला नाही. "बा रवळनाथा, पोरां परक्या मुलखात आसत. तू खंयच्याय रूपात आस, वाट दाखय."

पेटी थरथरत होती. थरथरता थरथरता उजवी पाकळी सुटली आणि रामचंद्रबाबांच्या तळहातावर पडली.

"उजवो!" पद्मावती ओरडली.

पेटीचा पंखा उजव्या अंगाला होता, हे सगुणला ठाऊक असणारच. त्याने पायातल्या चपला काढल्या, कदेलावर वाकून बसला आणि पुटपुटत चित्रं घालवायचा हुकूम टाइप केला, "इनिट थ्री."

आभाळ गेलं. डोंगर गेले. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. एक श्वास, दोन श्वास. गंगाकाकीला वाटलं, आपल्या छातीतलंच कोणीतरी बंद केलं. मग पांढऱ्या ओळी खालून वर चढू लागल्या, भराभर, मुंग्यांच्या रांगा पावसाआधी चढतात तशा, आणि शेवटी थांबून ती लहानशी रेघ लुकलुकली. मेजाखालची घरघर थांबली. पेटी पुन्हा गुणगुणायला लागली, हळू, मोकळी.

सगुणने एक ओळ लिहिली. मग आणखी एक. काळोखात पांढरी अक्षरं. खाली काहीच नाही. पोदेराने सायकलची घंटी हाताने धरून ठेवली, चुकून वाजू नये म्हणून.

आणि मग एक अक्षर आलं. सगुणचे हात तर मांडीवर होते. आपोआप, काळ्यातून, एक अक्षर. त्याच्या मागून दुसरं. अंधाऱ्या विहिरीतून कोणी एकेक ओंजळ वर द्यावी तशी.

"कोण ता?" गंगाकाकी पुढे वाकली.

सगुण वाचू लागला. "'सगुणदा, मी गौरेश. आईक सांग, मी बरो आसंय.'"

"कशावरून तो?" ती एकदम म्हणाली. "कोणीय लिहीत! विचार त्येका, लहानपणी त्येका कुत्रो खंय चावलो!"

सगुणने मुकाट्याने विचारलं. अक्षरं आली, घाईघाईने. सगुण वाचताना अडखळला.

"'आईक येड लागला काय? हयसर बॉम्ब पडतंत आणि ती कुत्रो विचारता. ढुंगणाक चावलो. आता सगळ्यांसमोर वाचू नको.'"

खोलीत जो हशा पिकला, त्यात रडणं कुठे सुरू झालं ते कोणालाच सांगता आलं नसतं. गंगाकाकी पडद्याजवळ गेली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, तिने फक्त ती ओळ पाहिली. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही, आणि तरी तिचा मुलगा तिथे होता, रागावलेला, जिवंत, अगदी तोच. तिने हात पुढे केला आणि काचेला न लावताच मागे घेतला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबावं तसा. पद्मावतीचा जावई तळघरात होता, बरा होता, फक्त त्याला तिथला भात आवडत नव्हता. एकेकाची खुशाली येत गेली आणि एकेक बाई खाली बसत गेली.

मग सगुणने "इनिट फाइव्ह", चित्रं परत आणायचा हुकूम, टाइप केला. रामचंद्रबाब हातातली पाकळी बघत म्हणाले, "रवांदे रे. काळीच रवांदे."

"नको," सगुण म्हणाला. "पोरांक चित्रां लागतंत. आपल्याक लागात तेव्हा काळी." आणि निळं आभाळ, ह्या वेळी काही कुरबुर न करता, परत आलं.

त्यानंतर सगुणच्या मागे एक काम लागलं. ज्यांची माणसं परमुलखात, त्यांना तो स्वतः स्कूटरवर आणायचा, केरीच्या समुद्रापासून इब्रामपूरच्या डोंगरापर्यंत, काळ्या पडद्यापुढे बसवायचा, आणि पुन्हा घरी सोडायचा. बायका मागच्या सीटवर बसून रस्ताभर पुढे काय बोलायचं त्याची उजळणी करायच्या आणि पडद्यापुढे बसल्या की म्हणायच्या, "जेवलंस?" तो तेवढंच टाइप करायचा, काही पदरचं घालायचा नाही. पुढे मोबाईल आले, गौरेश परत आला, त्याचं लग्न झालं, खोलीत नवी यंत्रं बसली. सगुणचे केस पिकले, छातीतली खाणीची धूळ खोकल्यातून बोलू लागली. तरी ज्यांना मोबाईल वापरायचं धैर्य नव्हतं, त्यांना त्याची स्कूटर होतीच.

आयुष्याच्या शेवटच्या दिवशी त्याने केरीहून समुद्रात जाळं ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या रापणकाराला आणलं होतं, ज्याचा नातू बोटीवर होता. बोलणं झालं. गंगाकाकीने चहा दिला, म्हातारा बशीतून प्यायला. सगुण खोकत होता, म्हणून ती म्हणाली, "गौरेश सोडीत त्येका. तू पड जरा."

"माझ्यावांगडा इलो, माझ्यावांगडाच जातलो," सगुण म्हणाला.

त्याने म्हाताऱ्याला मागे बसवलं, धोतर चाकात जाऊ नये म्हणून नीट खोचून दिलं आणि किक मारली. केरीला पोचल्यावर म्हाताऱ्याने घरात बोलावलं, तर तो नेहमीसारखाच म्हणाला, "आता नको, फुडच्या फावटी." पाण्याचा तांब्या तेवढा उंचावरून तोंडात ओतला, तांब्या पालथा करून ओट्यावर ठेवला आणि स्कूटर वळवून रस्त्याला लागला.