तळ्यातल्या महादेवाचं पाणी

खरं सांगायचं तर नोकरीत असेपर्यंत माझा देवाशी फारसा संबंध आला नाही. मी गिरदावर होतो. निजामाच्या अमलात लागलो आणि पोलीस अ‍ॅक्शननंतरही काही वर्षं तेच काम केलं. जमिनी मोजायच्या, नकाशे तपासायचे, हद्दीची भांडणं मिटवायची. जे साखळीनं मोजता येतं ते खरं, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं, असा माझा खाक्या. पेन्शनीत निघाल्यावर जिंतूरकडच्या एका गावात तळ्याकाठी दोन खोल्या बांधून आम्ही नवरा-बायको राहायला गेलो. मुलं आपापल्या नोकऱ्यांवर. उन्हाळ्यात तिथं काही म्हणजे काही घडत नसे, आणि मला तेच हवं होतं. सकाळी ओसरीवर बाज टाकावी, पाणी किती मागं सरलं ते बघावं, दुपारी ताणून द्यावी, संध्याकाळी लिंबाखाली पान लावत बसावं.

चैत्र सरता सरता तळं इतकं आटायचं, की मधल्या लहानशा महादेवाच्या देवळाचा आधी कळस, मग दार दिसू लागायचं. ‘देव उघडा पडला’ असं गाव म्हणायचं. तिथून पुढे देऊळ परत पाण्यात जाईपर्यंत पिंडीवर रोज एक कळशी पाणी पडायला हवं. ज्या घरानं कळशी उचलली त्या घरानं त्या साली खंड पडू द्यायचा नाही, ही रीत. आम्ही आलो त्या सालापासून कळशी आमच्या हिनं उचलली. सोवळ्यात, अनवाणी जायची. मी ओसरीवरून चेष्टा करायचो, की आठ-नऊ महिने पाण्यात बसलेल्या देवाला तुझ्या कळशीचं काय कौतुक! ती म्हणायची, तुमची जीभ तुमच्यापाशीच राहू द्या.

तिसऱ्या साली ऐन वैशाखात ती आजारी पडली. मुदतीचा ताप. जिंतूरहून डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, औषध देतो, पण जिवाला घोर लागेल असं काही होऊ देऊ नका. तिला घोर एकाच गोष्टीचा. तापात बरळायची तेसुद्धा कळशीबद्दल. मग काय करता, पंचा नेसलो आणि कळशी खांद्यावर घेतली. श्रद्धा होती म्हणून नाही. ती खंगत चालली होती आणि मी मनातून पुरता घाबरलो होतो. देवळात जाऊन पाणी ओतायचो, नमस्कारसुद्धा उरकल्यासारखा करायचो आणि तिच्यापाशी बसवलेल्या शेजारच्या काकूंना मोकळं करायला घाईनं परत यायचो.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा ताप फारच चढला. निघायला मला दुपार झाली. बाया वळसा घालून जायच्या ती पायवाट लांबची. मी तर हे तळं एकेकाळी स्वतः मोजलेलं, घाटाच्या पायरीपासून देवळापर्यंत नाकासमोर दगडी वाट आहे हे मला नकाशासकट पाठ. म्हणून सरळ निघालो. एक गोष्ट मात्र विसरलो. उन्हाळ्यात गाव तळ्यातला गाळ खणून शेतात टाकतं, आणि खणणारे काही माझा नकाशा बघून खणत नाहीत. वाट असायला हवी तिथंच खणलेला खड्डा चिखलानं भरला होता, वरून नुसता पापुद्रा वाळलेला. पाय पडला तसा मांडीपर्यंत आत गेलो. एक पाय उपसायला जावं तर दुसरा खोल जाई. जोर लावून लावून कमरेपर्यंत रुतलो. आसपास चिटपाखरू नाही. हाका मारून घसा बसला. कळशी तेवढी दोन्ही हातांनी वर धरली होती. आपण इथं संपलो तर घरात तापानं पडलेल्या तिचं काय होईल, या एका विचारानं मला रडू फुटलं. महादेवा, असं मी पहिल्यांदा मनापासून म्हणालो ते तेव्हा.

पलीकडच्या खड्ड्यातून एक बाई फावडं घेऊन आली. गावाबाहेरच्या वस्तीतली, गाळ खणणारी. तिनं आधी माझ्या हातातली कळशी घेऊन कोरड्यावर ठेवली. मग म्हणाली, “मालक, हालू नका. जितका जोर लावताल तितकं खाली जायलाव. मागं अंग टाका, बाजेवर टाकल्यावानी.” चिखलात पाठ टेकायची कल्पना मला सहन होईना, पण अंगात त्राणही नव्हतं. टाकलं अंग. आणि काय सांगू, पाय आपोआप सैल झाले. तिनं फावड्याचा दांडा पुढं केला. हात नाही, दांडा. का, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो पुरेना, तेव्हा क्षणभर ती थांबली आणि मग सरळ माझं मनगट धरून तिनं मला ओढून काढलं.

बाहेर आलो तर उभं राहवेना. देऊळ पन्नास पावलांवर आणि कळशी तशीच भरलेली. मी तिला म्हणालो, बाई, एवढं पाणी पिंडीवर घालून येशील का? ती देवळाकडं बघत राहिली. देवळं सगळ्यांना खुली झाल्याचा सरकारी कागद नोकरीच्या शेवटच्या दिवसांत मीच या गावच्या चावडीवर वाचून दाखवला होता. कागद वाचला, पण वस्तीतलं कुणी या देवळाची पायरी चढलेलं मी बघितलं नव्हतं, आणि का नाही चढत म्हणून विचारलंही नव्हतं.

“देवाला चालंल,” ती म्हणाली. “तुमाला चालतंय का, ते सांगा.”

चालतं, म्हणालो. ती गेली, पाणी घालून आली, कळशी माझ्यापुढं ठेवली आणि आपल्या कामाला लागली.

घरी निघालो. हिचं सोवळं मला माहीत. खोटं सांगावं तर खंड पडला नाही म्हणून ती शांत झोपेल. खरं सांगावं आणि तिनं धसका घेतला तर? काठापर्यंत मी खोटंच सांगायचं ठरवलं होतं. पण तिच्या उशाशी बसलो आणि सगळं आहे तसं बोलून गेलो. मी देवाचा धावा करत होतो. मग तिनं क्षीण आवाजात विचारलं, “नाव काय तिचं?”

उभ्या आयुष्यात माणसाचं नाव, बापाचं नाव विचारल्याशिवाय मी पुढचं अक्षर लिहिलं नव्हतं. जिनं जीव वाचवला तिचंच तेवढं विचारायचं राहिलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढं हिचा ताप उतरला. मुदत संपली म्हणून उतरला, असं डॉक्टर म्हणाले. मी वाद घातला नाही, घालण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. हिला परत माझ्या पदरात घातलं म्हणून रोज हात जोडतो, एवढंच. माणसाला वाटतं आपल्या जोरावर बाहेर पडू. अंग टाकायला शिकायला मला साठी उलटावी लागली.

पण गाळात रुतलो त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी चालत वस्तीत गेलो. ती दारात भाकरी थापत होती. मला बघून पदर सावरत उठली. नाव विचारलं तर घाबरली. गिरदावरानं नाव विचारलं की ते कागदावर चढतं आणि मागून दंड येतो, हे त्या वस्तीला चांगलं ठाऊक होतं.

“ठकूबाई,” ती म्हणाली. “कशाला, मालक? कुठं लिवायचंय का?”

“लिहायचं नाही,” मी म्हणालो. “घरी सांगायचंय. ती वाट बघतेय.”