अर्ध्यावरचा काटा

आमच्या काकांनी उभी हयात बस चालवली. रिटायर झाले तरी कुठलाही काटा दिसला की त्यांना गाडीची टाकीच आठवते. टाकीचा काटा महालबाड, हे त्यांचं ठाम मत. वरची अर्धी टाकी तो रमतगमत उतरतो आणि अर्ध्याखाली गेला की बघता बघता तळ गाठतो. या मतापायी त्यांनी एकदा काकूंचा जीव टांगणीला लावला.

काकूंची फुप्फुसं थकलेली. पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर, नाकात नळी. भरलेला सिलिंडर घेऊन गाडी चार वाजता यायची होती. दुपारी एकला सिलिंडरवरचा काटा अर्ध्यावर आला आणि काकांना टाकी आठवली. आता हा धडाधड उतरणार. काकूंना विचारायचं? छे. त्यांनी परस्पर चावी फिरवून हवा निम्मी करून टाकली.

काटा मंदावला, काकांना हायसं वाटलं. पण थोड्याच वेळात काकूंचे ओठ निळसर दिसू लागले, शब्द तोंडातच अडकू लागले. काका पुरते घाबरले. त्यांनी सिलिंडरवाल्याला फोन लावला.

"आधी चावी होती तिथं आणा," तो म्हणाला. "आणली? आता सांगा, सकाळी आठला काटा कुठं होता?"

"दहावर."

"दहा वाजता?"

"आठवर. आणि एकला पाचवर. पण आता अर्ध्याखाली झपाट्यानं उतरेल ना?"

"नाही हो काका. तासाला एक खूण. चावी हलवली नाही तर दोन तासांना दोन, चार तासांना चार. वर काय नि खाली काय, चाल तीच."

हिशेब पटला, भीती गेली नाही. स्टूल ओढून काका काट्यासमोर बसले. दोनला चार, तीनला तीन. काकूंच्या ओठांवर रंग परतला होता. चार वाजले, काटा दोनवर आला, आणि गाडीचा पत्ता नव्हता. किती वेळ उरलाय ते आता अगदी नेमकं ठाऊक होतं, आणि त्यानंच काका जास्त घाबरले. हात आपसूक चावीकडे गेला.

काकूंनी तो धरला.

"अहो, दोन तास आहेत ना? मग मला ते पुरता श्वास घेऊन काढू द्या. निम्म्या श्वासाचे चार नकोत मला."

काकांनी हात मागे घेतला. काटा दीडवर असताना खाली हॉर्न वाजला. चावीला हात न लावता ते दार उघडायला उठले.