खडूतली रेघ

ललितनं पान्याला हातभर पाइप अडकवला आणि सगळं वजन टाकून बोल्ट आवळला. प्रेम दाखवायची त्याची रीतच ही. घरचा नळ तो असा बंद करी, की बायकोला, पायलला, उघडायला शेजारी बोलवावे लागत. आत काहीतरी कट् झालं आणि बोल्ट नुसता गरागरा फिरू लागला. व्हॅनचं इंजिन ज्या बोल्टांवर टांगलेलं, त्यातल्या एकाच्या भोकाचे आटे गेले होते. आणि उद्या सासरच्या मंडळींना घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढायचा होता.

व्हॅन टोचन करून तो जठारपेठेत नागसेनभाऊंकडे आला.

नागसेनभाऊ मूळचे मूर्तिजापूरचे. गेलेले आटे परत आणण्यात त्यांचा उभा जन्म गेला. लग्नाला गेले तरी आधी मांडवाचे नट चाचपतात. "यायले नवरदेव दिसतच नाई," असं त्यांची बायको, मायावहिनी, सांगतात.

"पाइप लावला होता ना?"

"थोडासा, भाऊ."

"पाइप थोडासा नसते."

काम तसं सरळ होतं. भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात पोलादी तारेची स्प्रिंग बसवायची. बोल्ट पहिल्यापेक्षा घट्ट. पण ड्रिलला हात लावण्याआधी नागसेनभाऊ भोकाभोवती रॉकेल लावतात, पुसतात आणि वर खडू घासतात. धातू धड असला, तर खडू पांढराच राहतो; चीर असली, तर आत मुरलेलं रॉकेल खडूत उतरतं.

ललित सासूबाईंच्या गाडी लागण्यावर विनोद सांगत होता. नागसेनभाऊ हसले नाहीत. ते खडूकडे बघत होते.

पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटली. भोकापासून निघाली आणि सावकाश वर, इंजिनाच्या अंगात सरकली. ललितनं बोटानं पुसली. नागसेनभाऊंनी पुन्हा खडू घासला. रेघ पुन्हा आली, आता जरा लांब.

त्यांनी ड्रिल खाली ठेवलं.

"बसवा ना स्प्रिंग, भाऊ."

"कायच्यात बसवू? आंगच फाटलं तिचं."

खिशातला फोन वाजला. पायल आनंदात होती. "ऐका ना, आई म्हनते समोरच्या सीटवर मीच बसीन. लेकरं मांग बसतीन. गाडी झाली ना?"

"होऊन राहिली," ललित म्हणाला आणि फोन ठेवला. रेघेकडे न बघता त्यानं विचारलं, "भाऊ, कसंबी करून एक दिवस काढा. घाटापर्यंत तरी टिकन ना?"

नागसेनभाऊंनी खडूचे हात झटकले.

"टिकन. घाटापरेंतच."