माईंचं रक्त आणि देव्हाऱ्यातली बाटली

दवाखान्यातले किस्से बाटलीच्या तळाशी बसलेल्या गाळासारखे. बाटली उभी असली की काही नाही, जरा हलवली की सगळं वर! रत्नागिरीत नानाडॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो, तेव्हाचा हा गाळ. शाळा चौथीतच सुटली होती, पण औषधं हलवायला शिक्षण कुठे लागतं?

तीस सालच्या आसपासची गोष्ट. डॉक्टरांच्या बायकोला, माईंना, दिवस गेलेले आणि चेहरा चुन्यासारखा. बाळंतपण ऐन पावसाळ्यात येणार, तेव्हा आगबोटी बंद, मुंबईला न्यायची सोय नाही. "एवढ्याशा रक्तावर ती निभावायची नाही रे, बबन," डॉक्टर एकदा हळूच म्हणाले. म्हणजे रक्त वाढवायचं ते इथेच!

*

डॉक्टरांकडे लाल रंगाच्या पट्ट्यांचं एक पुस्तक होतं. फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत. बोटाला सुई टोचायची, थेंब टीपकागदावर घ्यायचा आणि खिडकीशी नेऊन पट्टीशी जुळवायचा. पाण्यात कुंकू सुटावं तसा तो थेंब पसरायचा. बघता बघता माझी तंद्री लागायची. माईंचा थेंब मात्र पहिल्या पट्टीवरून हलेना.

शेजारचे मास्तर एकदा रक्त तपासून घ्यायला आले. मी थेंबाच्या जागी गुपचूप कोकमाचं आगळ लावलं. डॉक्टरांनी कागद हुंगला आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या अंगात रक्त नाही, सोलकढी आहे!"

*

लोहाच्या औषधानं दात काळे पडतात, म्हणून ते पपईच्या पोकळ देठातून ओढून प्यायचं. मास्तरांनाही ते औषध दिलेलं, पण देठाचं काही त्यांना पटेना. त्यांनी औषध सरळ चहात ओतलं. चहा काळाकुट्ट!

"बबन्या, ही शाई झाली की रे!"

"मग टाकून द्या, मास्तर."

"टाकून? वेडा की काय!" म्हणाले, आणि त्याच चहात टाक बुडवून पोरांच्या वह्या तपासल्या!

*

पावसकडचा एक कुळवाडी असाच पांढराफटक होऊन आला. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायातून एक जंत आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. डॉक्टरांनी त्याला जंत काचेखाली दाखवला. तो एक डोळा मिटून बघत राहिला.

"एवढासा? आणि माझा रगत पितो?"

"हो."

"मग ह्याच्यापरीस आमचा खोत बरा. तो मेला निदान भायेरून तरी पितो!"

*

दुपारी दवाखाना सुस्तावला की डॉक्टर बोलायला लागायचे. "बबन, आपल्या जांभ्या दगडात लोखंड आहे, म्हणून तो लाल. रक्तातही तेच. श्वासातली हवा ते धरतं आणि अंगभर नेऊन सोडतं." त्यानंतर कित्येक दिवस मी कातळावर उताणा पडलो की वाटायचं, खाली डोंगर श्वास घेतोय, आणि मी त्याच्या छातीवर हळूहळू वरखाली होतोय.

आतून माईंचा आवाज आला, "अहो, म्हणूनच का मला सारखी ही जांभ्याची भिंत चाटावीशी वाटते?"

डॉक्टर हसले नाहीत. उठून खिडकीशी गेले.

*

मग मुंबईहून आलेल्या मासिकात डॉक्टरांनी वाचलं, बकऱ्याच्या काळजानं रक्त भरतं. झाली पंचाईत! घर पक्कं सोवळ्याचं, त्यात डॉक्टरांच्या आई, अक्का. माई म्हणाल्या, "पोरासाठी मी गिळीन हो. पण सासूबाईंना कळलं तर?"

मी रोज खाटकाकडून काळीज आणायचो, दवाखान्यात वाटून रस काढायचो, आगळ घालून बाटलीत भरायचो. पण अक्कांचा नेम असा, की देवाला दाखवल्याशिवाय सुनेच्या पोटात औषधाचा थेंबसुद्धा जायचा नाही. त्यामुळे ती बाटली, वर तुळशीचं पान, रोज देव्हाऱ्यात! डॉक्टर आणि मी ओसरीवर घाम पुसत बसायचो.

एका सकाळी अक्कांनी हाक मारली. "बबन्या, आमचं मांजर आठवडाभर देव्हाऱ्यापुढून हलत नाही. त्याला एवढी भक्ती कुठली रे लागली?"

मी देवाकडे बघितलं, देवानं माझ्याकडे. अक्कांनी बाटली उचलली, पान बाजूला केलं, डोळे मिटून माईंच्या तोंडात चमचा धरला. "देवाला दाखवलंय. गप गीळ!"

पुढे माईंचा थेंब चढत चढत चांगल्या लाल पट्टीला जुळला. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग घसा खाकरून म्हणाले, "अक्का, आता ते औषध बंद केलं तरी चालेल."

अक्का तुळस खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाळंत होईस्तोवर बंद करायचं नाही. मांजरालासुद्धा सवय झालीय!"