जनरेटर सुरू होईपर्यंत

बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली, असं मी सगळ्यांना सांगत असे. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

बाबांची फुप्फुसं थकत चालली तेव्हा मी दोघांना पुण्याहून गुडगावला आणलं. मी नोकरीसाठी आले तेव्हा आमच्या सोसायटीसमोर मोहरीची शेतं होती. हे दोघं येईपर्यंत तिथे काचेच्या इमारती आणि मोठमोठी हॉस्पिटलं उभी राहिली होती. "इथे सगळं आहे," असं मी आईला मोठ्या ऐटीत म्हणाले होते. सगळं होतं, पण विजेचा भरवसा नव्हता. दिवे गेले की तळघरातला जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागे आणि तेवढ्यात बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बोंब ठोकी. वीज आल्यावर त्याचं बटण पुन्हा दाबावं लागायचं. मी घरूनच काम करत होते, त्यामुळे दिवसा ते माझ्याकडे आणि रात्री आईकडे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, तिनेच परस्पर घेतलं.

बाबा गेले. मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. आईच्या डोळ्याला डोळा मात्र लागेना.

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. त्या गोळ्यांवर हल्ली सगळेच तोंडसुख घेतात, पण मी घेणार नाही. काही महिने त्या गोळीने आई झोपली आणि तिच्यामुळे मीही झोपले. मग एका पहाटे ती बाथरूममध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं. सकाळी तिला गुंगी असे, चहात दोनदा साखर पडे. "मॅडम, अगली बार कूल्हे की हड्डी टूटी तो बहुत मुश्किल होगी," स्वतःच्या खुब्यावर हात ठेवत डॉक्टर म्हणाले. गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची आणि सोबत बोलून करायचे उपचार घ्यायचे. ते हल्ली घरबसल्या, लॅपटॉपवर होतात म्हणे. बोलणं ऐकून झोप येते एवढं मला ऑफिसच्या मीटिंगांवरून माहीत होतं. त्यापलीकडे माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण आई पडल्यापासून रात्रभर माझे कान तिच्या दाराकडे लागलेले असत, आणि असं किती दिवस चालणार?

मी मुद्दाम मराठी बोलणारी समुपदेशक शोधली. हिंदीत आई फक्त "सब ठीक है जी" एवढंच म्हणते. मुलगी पुण्याची निघाली, वयाने माझ्याहून बरीच लहान. पहिल्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर ताठ बसली, दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी.

"काकू, दिवसा झोपता का?"

"छे! दिवसा झोपायची सवय नाही आमच्याकडे."

मीही मागून मान डोलावली. आम्ही खोटं बोलत नव्हतो. जेवण झालं की चटई टाकून डाव्या कुशीवर पडायचं, ती वामकुक्षी. तिला आमच्या घरात कुणी झोप म्हणत नाही. आजोबा पडायचे, बाबा पडायचे, आणि त्या वेळात बेल वाजवणाऱ्याची धडगत नसे. झोपणं हा आळस, वामकुक्षी ही शिस्त.

समुपदेशक मुलीने नियम घालून दिले. झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, तळमळत पडायचं नाही, उठून हॉलमध्ये बसायचं, सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं. आईने सगळं मन लावून केलं आणि काडीचा फरक पडला नाही. गोळी अर्ध्यावर आली तशी तिचं तोंड उतरलं, रक्तदाब चढला. "रोगापेक्षा इलाज भयंकर," ती म्हणाली. "मला माझी गोळी दे पूर्ववत." मी देणारच होते. पडली तरी भीती आणि जागली तरी भीती, मला काही सुचेनासं झालं होतं.

मग एकदा मुलीने कॉल नेहमीच्या वेळेआधी घेतला, ऐन दुपारी. आई घरच्या गाउनमध्येच चटईवरून उठून येऊन बसली.

"काकू, गालावर काय उमटलंय?"

"चटई असेल." आईने गाल चोळला. "पण झोपले नव्हते हो. वामकुक्षी."

"डोळा लागला होता?"

"लागला की. रोज लागतो. घोरते म्हणे मी, ही सांगते."

मी कपाळाला हात लावला. मुलगी हसली नाही. तिने शांतपणे विचारलं, "दुपारी इतकी गाढ झोप लागते काकू, मग रात्री का नाही?"

"दुपारी ही जागी असते ना. दिवे गेले तर ही बघते."

आई गाउनच्या बटणाशी चाळा करत राहिली. "मशीन गेलं ते कळतं मला, वेड नाही लागलेलं. पण रात्र माझ्याकडे होती. गोळी घेतली की वाटायचं, मी ह्यांना टाकून झोपले."

आणि ती रडली, बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. मलाही रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हेवा वाटला. एका घरात राहून ती हे मला बोलली नव्हती, पडद्यावरच्या परक्या पोरीला बोलली.

त्यानंतर काही जादू झाली नाही. वामकुक्षीला गजर लागला, त्यावर आई नाराज होती. अर्धी गोळी बरेच दिवस राहिली, मग पाव झाली. त्या कॉलवर मात्र ती आता बाबांबद्दल बोलायची, आणि तेव्हा मी बाहेर जाऊन बसायची.

एका संध्याकाळी ती मेथी निवडत असताना दिवे गेले. तिचे हात थांबले. ती उठली आणि बाबांच्या खोलीकडे वळलीसुद्धा. मग दारातच थांबली. खाली जनरेटर घरघरला, दिवे आले. ती कान देऊन उभी राहिली. खोलीतून कसलाच आवाज आला नाही.

"सुटले गं ते," ती म्हणाली, आणि येऊन पुन्हा मेथी निवडायला बसली.

जेवणं झाल्यावर तिने गोळीची पट्टी माझ्या हातात दिली. "आज नको. आणि तूही झोप आता, माझ्यासाठी जागू नकोस. काही लागलं तर हाक मारीन."

मी हो म्हणाले. त्या रात्री आई गोळीशिवाय झोपली, चांगली घोरत होती, आणि पलीकडच्या खोलीत मी ते घोरणं थांबत तर नाही ना, हे ऐकत जागी होते.