मिटलेली मूठ

बाहत्तर साली राहात्याच्या बाजारात एका कासारणीकडे मी बांगड्या भरायला बसले होते. मांडीवर सहा वर्षांची लेक होती. ती जन्मापासून चालत-बोलत नव्हती आणि तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या असायच्या. कासारणीने आपणहून तिचा हात घेतला आणि तेल लावून चोळत राहिली.

"वढायचं न्हाई, आपसूक उघडती. माझी थोरली बी अशीच हाय."

मूठ सैल झाली आणि हिरवी बांगडी आत गेली.

"गुरुवारी घरी या, बाई. अशा लेकरांच्या आया आमी वसरीवर जमतो."

मी गेले. तिथे पाच जणी होत्या. कासारणीने लेकीला जवळ घेऊन विचारलं, "हिला काय आवडतं?"

"चिमण्या," मी म्हटलं. सहा वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.